नखाखाली ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ, कळ मात्र खांद्यापर्यंत: कॅन्सर नसलेल्या या गाठी वर्षानुवर्षं सापडत का नाहीत?

डिसेंबरची सकाळ. भांडी घासायला नळ सोडला, गार पाणी उजव्या हाताच्या एका बोटावर पडलं आणि वीज चमकावी तशी कळ कोपरापर्यंत गेली. बाकीच्या नऊ बोटांना काही झालं नाही. त्या एका बोटालाही सगळीकडे दुखत नाही. नखाच्या मुळाशी एक ठिपका आहे, तिथेच दुखतं.

मग कणीक मळताना ते बोट आपोआप वर राहायला लागतं. फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणावर तरी जातं. रात्री पांघरुणाची कड त्या नखाला घासली तरी झोप मोडते. बाहेरून बघावं तर सूज नाही, जखम नाही, पू नाही.

डॉक्टर एक्स-रे काढतात, तो नॉर्मल येतो. कुणी व्हिटॅमिनची इंजेक्शनं देतं, कुणी मानेच्या मणक्याची झीज सांगतं, कुणी नखुरडं समजून अँटिबायोटिक देतं. शेवटी कुणीतरी म्हणतं, "टेन्शन कमी करा, सगळं मनाचं आहे."

ग्लोमस ट्यूमर असलेल्या अनेक रुग्णांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच असते. ही गाठ कॅन्सरची नसते, जीवघेणी नसते आणि एका छोट्या ऑपरेशनने बहुतेक वेळा कायमची जाते. तरीही दुखणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत काही वर्षं, क्वचित दहा-दहा वर्षंही निघून गेल्याच्या नोंदी जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

हात-पायांत होणाऱ्या अशा छोट्या, दुर्मिळ, पण प्रचंड दुखणाऱ्या गाठी नेमक्या काय असतात? त्या हुलकावणी का देतात? आणि त्या ओळखायच्या कशा?

ग्लोमस ट्यूमर म्हणजे काय?

आपल्या त्वचेत तापमान सांभाळणारी एक व्यवस्था आहे. रक्त साधारणपणे धमनीतून बारीक केशवाहिन्यांत जातं आणि तिथून शिरेत येतं. पण त्वचेत काही ठिकाणी धमनी आणि शीर यांना थेट जोडणारे छोटे बायपास असतात. उकाड्यात ते उघडतात, त्वचेकडे जास्त रक्त जातं आणि शरीरातली उष्णता बाहेर पडते. थंडीत ते आवळले जातात आणि उष्णता आत राहते. या बायपासभोवती स्नायूंसारख्या आकुंचन पावणाऱ्या खास पेशींचं वेटोळं असतं. या सगळ्या रचनेला 'ग्लोमस बॉडी' म्हणतात.

या रचना बोटांच्या टोकांना, विशेषतः नखांखाली, सर्वात दाट असतात. तिथल्या पेशी गरजेपेक्षा जास्त वाढल्या की ग्लोमस ट्यूमर होतो. त्यामुळे ही गाठही बहुतेकदा नखाखालीच सापडते. ती सहसा काही मिलिमीटरची, म्हणजे ज्वारीच्या किंवा मुगाच्या दाण्याएवढी असते. एक सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ क्वचितच आढळते.

हातात होणाऱ्या मऊ ऊतींच्या सगळ्या गाठी मोजल्या, तर ग्लोमस ट्यूमरचा वाटा साधारण १ ते ५ टक्के भरतो. नखाखालची गाठ तिशी ते पन्नाशीतल्या स्त्रियांमध्ये जास्त दिसते. पुरुषांना ती होत नाही असं मात्र नाही. बोटांव्यतिरिक्त तळवा, मनगट, गुडघा, मांडी अशा ठिकाणीही ती होऊ शकते, आणि तिथे कुणाला तिची शंकाही येत नाही.

हा आजार नवा नाही. एडिनबराचे सर्जन विल्यम वूड यांनी १८१२ मध्ये त्वचेखालच्या छोट्या, अतिशय दुखऱ्या गाठींचं वर्णन छापलं होतं. त्या गाठी कुठल्या पेशींपासून होतात, हे कळायला मात्र त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं लागली. १९२४ मध्ये फ्रेंच पॅथॉलॉजिस्ट पिएर मासाँ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा संबंध ग्लोमस बॉडीशी जोडला.

इतकीशी गाठ एवढी दुखते कशी?

पहिलं कारण जागेचं. नखाखाली वर कडक नख आणि खाली हाड असतं. या दोघांमध्ये जेमतेम काही मिलिमीटरची फट असते. तिथे गाठ वाढली की तिला पसरायला वाव मिळत नाही आणि दाब वाढतो. हीच गाठ पोटावरच्या चरबीत असती, तर कदाचित इतकी जाणवलीही नसती.

दुसरं कारण गाठीच्या स्वभावात आहे. या पेशींचं मूळ कामच थंडीला प्रतिसाद देऊन आकुंचन पावणं हे आहे. गाठ झाली तरी त्यांचा हा गुण जात नाही. शिवाय गाठीत आणि तिच्याभोवती बारीक मज्जातंतू असतात. थंडी लागली की आतला दाब बदलतो आणि हे तंतू चेतवले जातात, असं त्यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणून गार पाणी, एसीची हवा, फ्रीजमधली बाटली या साध्या गोष्टी रुग्णाला नकोशा होतात.

डॉक्टरांच्या पुस्तकांत या आजाराची तीन लक्षणं एकत्र सांगितलेली असतात: थांबून थांबून येणारी तीव्र कळ, एकाच ठिपक्याएवढ्या जागेवर स्पर्श सहन न होणं आणि थंडीने दुखणं वाढणं. तिन्ही एकाच बोटात असतील, तर ग्लोमस ट्यूमरची शंका घ्यायलाच हवी.

मग ती सापडत का नाही?

एक तर ती दिसत नाही. काही रुग्णांच्या नखाखाली निळसर किंवा लालसर डाग दिसतो, काहींच्या नखावर उभी रेघ किंवा उंचवटा येतो. पण अनेकांचं नख अगदी साधं दिसतं. नेलपॉलिश लावलेलं असेल तर असलेला डागही झाकला जातो, त्यामुळे तपासणीला जाताना ते काढून जावं.

दुसरं म्हणजे दुखणं पसरतं. मूळ जागा बोटाच्या टोकाला असली तरी कळ मनगट, कोपर, खांद्यापर्यंत जाते. मग लक्ष मानेकडे वळतं. चाळिशीनंतर मानेचा एक्स-रे काढला, तर मणक्यात थोडीफार झीज बहुतेकांना दिसतेच. ती सापडली की शोध तिथेच थांबतो आणि रुग्ण मानेचा पट्टा घालून घरी येतो. काहींचं दुखणं संधिवात, मनगटातली दबलेली शीर किंवा जुन्या माराचा परिणाम म्हणून खपून जातं.

तिसरं म्हणजे साधा एक्स-रे मऊ गाठ दाखवत नाही. गाठ बरीच वर्षं तिथे असेल, तर हाडाला पडलेला खळगा कधी कधी दिसतो. तोही दिसेलच असं नाही.

चौथं कारण जास्त बोचरं आहे. दिसत काही नाही, रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि रुग्ण मात्र नखाला हात लावू देत नाही. अशा वेळी "फार नाजूक आहे," "नाटक करते," असे शेरे घरातून येतात. कधी दवाखान्यातूनही येतात. बोटाच्या टोकाच्या कळीसाठी मानसोपचाराकडे पाठवलेल्या रुग्णांची उदाहरणंही वैद्यकीय साहित्यात आहेत. वर्षानुवर्षांच्या दुखण्याने आणि अपुऱ्या झोपेने माणूस खरोखरच चिडचिडा आणि निराश होतो. मग त्या निराशेलाच दुखण्याचं कारण ठरवलं जातं.

टाचणी, बर्फ आणि बीपीचा पट्टा

या गाठीची शंका पक्की करायला महागड्या मशीनची गरज लागतेच असं नाही. तीन तपासण्या ओपीडीच्या टेबलावर, काही मिनिटांत होतात.

पहिली टाचणीची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. जे. ग्राफ्टन लव्ह यांनी १९४४ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला 'लव्ह टेस्ट' म्हणतात. टाचणीचं डोकं किंवा बंद बॉलपेनचं टोक घेऊन नखावर एकेक ठिपका हलकेच दाबत जायचं. गाठ असेल तर एका ठिपक्यावर रुग्ण हात झटकन मागे घेतो. त्याच्या बाजूलाच, दोन-तीन मिलिमीटरवर दाबलं तर काही होत नाही. संसर्ग किंवा संधिवात असता, तर आजूबाजूचा सगळा भाग दुखला असता.

दुसरी थंडीची. बोटाला बर्फ किंवा गार पाणी लावलं की कळ उसळते का, हे पाहतात.

तिसरी तपासणी बीपी मोजायच्या पट्ट्याची. 'हिल्ड्रेथ टेस्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीचं वर्णन १९७० मध्ये झालं. रुग्णाचा हात वर धरून त्यातलं रक्त उतरू देतात आणि दंडावरचा पट्टा रक्तदाबापेक्षा जास्त फुगवतात. हाताचा रक्तपुरवठा काही क्षण थांबतो. आता त्याच ठिपक्यावर दाबलं तर दुखत नाही. पट्टा सोडला, रक्त परत आलं की कळही परत येते. गाठ रक्तवाहिन्यांची आहे, याचा हा चांगला पुरावा मानला जातो. ही तपासणी घरी बोटाला रबर किंवा दोरा बांधून करू नये. रक्तपुरवठा तोडण्याचे प्रयोग धोक्याचे असतात.

एमआरआय कधी?

शंका आल्यावर पुढचा टप्पा फोटोंचा. जास्त फ्रीक्वेन्सीची सोनोग्राफी आणि त्यासोबत डॉप्लर केलं, तर नखाखालची रक्ताने भरलेली छोटी गाठ अनेकदा दिसते. ती तपासणाऱ्याच्या अनुभवावर बरीच अवलंबून असते. सर्वात स्पष्ट चित्र एमआरआय देतो. गाठ काही प्रकारच्या फोटोंत चकचकीत पांढरी दिसते, आणि शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर आणखी उठून दिसते.

इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. "हाताचा एमआरआय करा" एवढंच चिठ्ठीवर लिहिलं, तर दोन-तीन मिलिमीटरची गाठ निसटू शकते. "अमुक बोटाच्या नखाखाली ग्लोमस ट्यूमरची शंका" असं लिहिलं, तर रेडिओलॉजिस्ट त्या बोटाचे बारीक काप घेतात आणि नेमकं तिथे पाहतात. एमआरआय नॉर्मल आला म्हणून गाठ नाहीच, असंही म्हणता येत नाही. लक्षणं आणि टाचणीची तपासणी ठामपणे एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर अनुभवी सर्जन नॉर्मल एमआरआयनंतरही शस्त्रक्रियेचा विचार करतात.

उपचार काय?

गाठ पूर्ण काढणं, हाच उपचार. गोळ्या, मलम, शेक, मालिश यांनी ती जात नाही.

फक्त बोट बधिर करूनही हे ऑपरेशन करता येतं. नख उचलतात किंवा बाजूने छेद घेतात, भिंगाच्या मदतीने नखाखालच्या त्वचेतून गाठ सोडवून काढतात आणि ती त्वचा बारीक टाक्यांनी पुन्हा शिवतात. नख पूर्ण वाढून यायला साधारण सहा महिने लागतात. नखावर रेघ किंवा वाकडेपणा राहण्याची थोडी शक्यता असते, आणि ती ऑपरेशनपूर्वी विचारून घ्यावी.

कळ बहुतेकांची लगेच किंवा काही आठवड्यांत जाते. ती गेली नाही किंवा काही काळाने परत आली, तर दोन शक्यता तपासतात: गाठीचा भाग मागे राहिला असेल किंवा जवळच दुसरी गाठ असेल. एकापेक्षा जास्त बोटांत अशा गाठी असतील, तर डॉक्टर 'न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १' या आनुवंशिक आजाराचाही विचार करतात. त्यात अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे अनेक डाग असतात.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीच्या तपासणीला जायलाच हवी. ग्लोमस ट्यूमर कॅन्सरचा निघणं अत्यंत दुर्मिळ आहे, पण शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा असतो.

मुलाचा पाय फक्त रात्रीच दुखत असेल तर?

आता बोटाकडून हाडाकडे. इथेही एक छोटी, कॅन्सर नसलेली आणि झोप उडवणारी गाठ असते. तिचं नाव 'ऑस्टिऑइड ऑस्टिओमा'. न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट हेन्री जाफे यांनी १९३५ मध्ये हा वेगळा आजार असल्याचं मांडलं.

ही गाठ मुख्यतः शाळा-कॉलेजच्या वयात होते. मुलांमध्ये तिचं प्रमाण मुलींच्या दोन-तीन पट आहे. निम्म्याहून जास्त गाठी मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात असतात. गाठीचा गाभा दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असतो, पण भोवतीचं हाड त्याच्याविरुद्ध प्रतिक्रिया म्हणून जाड होत जातं.

हिची ओळख दुखण्याच्या वेळापत्रकात आहे. दिवसा मूल खेळतं, रात्री मात्र ठणक्याने जागं होतं. साधी वेदनाशामक गोळी दिली की अर्ध्या-एक तासात आराम पडतो. गोळीचा असर संपला की ठणका परत. गाठीच्या गाभ्यात प्रोस्टाग्लँडिन नावाचं वेदना वाढवणारं रसायन मोठ्या प्रमाणात तयार होतं. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारखी औषधं नेमकं तेच रोखतात. म्हणून "गोळीने लगेच थांबतं" हा या आजारात निदानाचा धागा असतो. (अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. त्यातून 'राय सिंड्रोम' हा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो.)

घरात याला सर्रास "वाढीचं दुखणं" म्हटलं जातं. वाढत्या वयातलं साधं दुखणं असतंच, पण ते सहसा दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी किंवा रात्री येऊन सकाळी जातं, रोज येत नाही आणि मूल लंगडत नाही. दुखणं एकाच पायात, एकाच जागी, आठवडेच्या आठवडे असेल, मूल लंगडू लागलं असेल किंवा एक मांडी दुसरीपेक्षा बारीक दिसत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

इथे आणखी एक चकवा आहे. गाठ खुब्याजवळ असेल, तर मूल गुडघा दुखतो असं सांगतं. गुडघ्याचे एक्स-रे नॉर्मल येत राहतात आणि खुब्याकडे कुणी बघत नाही.

एक्स-रेमध्ये कधी कधी जाड झालेलं हाड दिसतं, पण आतला गाभा झाकलेला राहतो. तो शोधायला बारीक कापांचा सीटी स्कॅन सर्वात उपयोगी. एमआरआयमध्ये गाठीपेक्षा भोवतीची सूजच जास्त दिसते. त्यामुळे चित्र हाडातल्या संसर्गासारखं किंवा कॅन्सरसारखं भासू शकतं. भारतात हाडाचा क्षयही नेहमीचा असल्याने डॉक्टरांना ती शक्यताही तपासावी लागते.

पूर्वी हाडाचा तो भाग उघडून कोरून काढावा लागे. बोस्टनमधल्या डॉ. डॅनियल रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये वेगळी पद्धत मांडली. सीटी स्कॅनमध्ये पाहत एक सुई गाठीच्या गाभ्यात नेतात आणि रेडिओफ्रीक्वेन्सीने तिचं टोक साधारण ९० अंश सेल्सिअसपर्यंत काही मिनिटं तापवतात. गाभा जळून जातो. टाके जवळपास लागत नाहीत आणि बरीच मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत हा उपचार होतो.

काही रुग्णांत ही गाठ काही वर्षांनी आपोआप शांत होते. दुखणं औषधाने आटोक्यात राहत असेल आणि डॉक्टरांची देखरेख असेल, तर थांबण्याचा पर्यायही असतो. पण वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर पोट आणि किडनीवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे बरेच जण सुईच्या उपचाराकडे वळतात.

आणखी कोणत्या गाठी दुखतात?

अँजिओलियोमायोमा: शिरेच्या भिंतीतल्या स्नायूंपासून होणारी घट्ट, गोल गाठ. बहुतेकदा मध्यमवयीन स्त्रियांच्या पोटरीत किंवा घोट्याजवळ. आकार सहसा दोन सेंटिमीटरपेक्षा कमी. अनेकींना ती दाबल्यावर किंवा थंडीत दुखते. काढली की प्रश्न मिटतो.

श्वानोमा: मज्जातंतूच्या आवरणाची गाठ. तिच्यावर बोटाने टिचकी मारली की तंतूच्या वाटेने झिणझिण्या किंवा करंट गेल्यासारखं वाटतं. ती आडवी हलते, पण तंतूच्या दिशेने वर-खाली हलत नाही. कुशल सर्जन बहुतेक वेळा तंतू शाबूत ठेवून ती सोडवून काढू शकतात. चरबीची गाठ समजून घाईत कापली, तर तंतूच तुटण्याचा आणि हात-पाय कायमचा कमकुवत होण्याचा धोका असतो.

अँजिओलायपोमा: चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या मिळून झालेल्या गाठी. तरुणांच्या हातावर, कोपराखाली, एकाच वेळी अनेक. साध्या चरबीच्या गाठी दुखत नाहीत, या दाबल्यावर दुखतात.

दुखते म्हणजे कॅन्सर नाही, हे खरं का?

"दुखणारी गाठ साधी, न दुखणारी गाठ कॅन्सरची" हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं. त्यावर विसंबून राहू नये. हात-पायांतल्या मऊ ऊतींचे बरेच कॅन्सर सुरुवातीला दुखत नाहीत, हे खरं आहे. पण 'सायनोव्हियल सार्कोमा' हा तरुणांमध्येही होणारा कॅन्सर सांध्याजवळ छोट्या, हळू वाढणाऱ्या आणि दुखऱ्या गाठीच्या रूपात येऊ शकतो. हाडाच्या कॅन्सरमध्येही रात्री दुखतं.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नये: गाठ वाढत जाणं, पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असणं, खोल स्नायूत असणं, एकदा काढून परत येणं, सोबत ताप किंवा वजन घटणं, हाडावर घट्ट सूज येणं. नखाखाली नवी काळी रेघ आली आणि ती रुंद होत असेल, तर ती दुखत नसली तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. तो मेलॅनोमा असू शकतो.

याच कारणाने कुठलीही गाठ आधी फोटो न काढता "पाच मिनिटांत काढून टाकू" म्हणून काढून घेऊ नये. ती कॅन्सरची निघाली, तर चुकीच्या छेदामुळे पुढचं ऑपरेशन मोठं होतं. आणि अनोळखी गाठीवर जोरात मालिश करणं कधीच शहाणपणाचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगायचं?

या गाठींचं निदान मशीनच्या आधी रुग्णाच्या बोलण्यातून सुरू होतं. "हात दुखतो" एवढं सांगितलं, तर शंभर कारणं निघतात. पुढचे प्रश्न घरी विचारून उत्तरं लिहून नेली, तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

१. सर्वात जास्त दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येते का? किती मोठी? ठिपक्याएवढी की तळहाताएवढी?

२. गार पाण्याने किंवा थंड हवेने दुखणं वाढतं का?

३. दुखणं रात्री वाढतं का? झोप मोडते का?

४. कोणत्या गोळीने, किती वेळात, किती वेळासाठी थांबतं?

५. कधीपासून आहे? नख, त्वचा किंवा हाडाच्या आकारात काही बदल? आधी आणि आताचे मोबाइलवरचे फोटो असतील तर दाखवा.

६. आतापर्यंत कोणते उपचार झाले आणि त्यांनी काय फरक पडला? जुने एक्स-रे आणि रिपोर्ट सोबत न्या.

नखाखालच्या कळीसाठी हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेले ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जन योग्य. रात्री दुखणाऱ्या हाडासाठी ऑर्थोपेडिक तज्ज्ञ. खर्चाची अडचण असेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे दोन्ही विभाग असतात आणि केसपेपर काढून तपासणी होते. "ग्लोमस ट्यूमर असू शकतो का?" हा प्रश्न सरळ विचारायला संकोच करू नये. तो विचारला तर कदाचित टाचणीची तपासणी त्याच टेबलावर होईल.

आणि घरात कुणी एकाच जागेवर बोट ठेवून महिनोन्‌महिने "इथेच दुखतंय" म्हणत असेल, तर रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून त्या माणसाला खोटं ठरवण्याची घाई करू नका. इतकी नेमकी जागा दाखवता येणं, हाच या गाठींचा सर्वात मोठा पुरावा असतो.

(हा लेख माहितीसाठी आहे. निदान आणि उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.)